पाहुणा आणि त्याचं जनावर : मुक्कामाचा आपला इतिहास

 

आजचा विषय जरा वेगळा आहे. समुद्रकाठच्या जुन्या गावातल्या मुक्कामाच्या जाहिराती आता आपल्या मोबाईलवरही येतात. दगडी भिंतीचा, कौलारू छपराचा गोठा असतो, पण आत मऊ गादी, गरम पाणी आणि गार हवेचं यंत्र. खाली लिहिलेलं असतं, तुमचं कुत्रं, मांजर सोबत आणा, त्याचीही सोय होईल. त्याला ‘पेट-फ्रेंडली’ म्हणतात, आणि एका रात्रीचं भाडं काही हजारांत असतं. आपल्या बायका हे बघून हसतात. गोठ्यात झोपायला पैसे कोण देतं, असं विचारतात.

हसण्यासारखं आहे खरं. पण जनावरासकट माणसाला मुक्कामाला जागा देणं ही नवी गोष्ट नाही. ती आपल्या मुलखाची जुनी रीत आहे आणि त्या रितीतलं निम्म्याहून जास्त काम बायकांनी केलेलं आहे. ते काम कधी हिशेबात का आलं नाही, हे आज इतिहासातून बघू.

पहिल्यांदा जुने रस्ते डोळ्यांपुढं आणा. मोटार नाही, रेल्वे नाही. माल बैलांच्या पाठीवरून जायचा. लमाण तांडे शेकडो बैलांवर गोण्या लादून धान्य आणि मीठ वाहायचे. कोकणातलं मीठ आणि नारळ घाट चढून वर यायचे, वरचं धान्य खाली उतरायचं. तांड्याबरोबर बायका, लेकरं, राखणीची कुत्री असं सगळं घर चालत असे. अशा वाटसरूला मुक्कामाला काय लागायचं? आधी पाणी, मग वैरण, मग जनावर बांधायला जागा आणि सगळ्यात शेवटी स्वतःची पथारी. बैल उपाशी राहिला तर सकाळी पुढची वाटचालच नाही. त्यामुळं ‘जनावरासह प्रवेश’ अशी पाटी लावायची गरज कुणाला पडली नाही. जनावराशिवाय येणाराच विरळा होता.

उत्तर हिंदुस्थानात सोळाव्या शतकात शेरशाह सूरीनं मोठ्या रस्त्यांवर सराया बांधल्या. तिथं माणसाला खाट आणि जेवण मिळे, घोड्याला दाणावैरण मिळे. पुढच्या काळातल्या सरायांत वाटसरूंची चूल भटियारा घराण्यांतल्या बाया सांभाळायच्या. स्वयंपाक, अंथरूण, झाडलोट सगळं त्यांच्याकडं. सराय बांधणाऱ्या बादशहाचं नाव पुस्तकात आलं. चूल सांभाळणाऱ्या एकाही बाईचं नाव आपल्याला ठाऊक नाही.

एका बाईचं नाव मात्र सगळ्या देशाला ठाऊक आहे आणि ती आपल्या शेजारची. परंड्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातलं चौंडी हे अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव. जन्म १७२५ चा. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी धर्मशाळा, घाट, विहिरी, बारवा बांधल्या. जॉन माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं माळव्याबद्दल लिहिताना नोंदवलंय, की भर उन्हात नांगर ओढणाऱ्या बैलांना पाणी पाजायला अहिल्याबाईंची माणसं शेतात जात. ज्या बाईचं बालपण आपल्यासारख्या कोरड्या मुलखात गेलं, तिला पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागली नसणार.

आता परंड्यात या. आपला किल्ला बहामनी काळातला. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तेव्हा मलिक अंबरनं निजामशाहीची गादी काही काळ परंड्यालाच मांडली. राजधानी म्हटलं की फौज आली, घोडे आले, हत्ती, उंट, बैल आले. मुलूख-मैदान तोफेची गोष्ट आपल्याकडं पोरासोरांना माहीत असते. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली ही तोफ, वजन सुमारे ५५ टन. ती परंड्याच्या किल्ल्यावर होती. १६३२ साली ती विजापूरला नेली, तेव्हा चारशे बैल, दहा हत्ती आणि शेकडो माणसं लागली असं सांगतात.

हा आकडा आपण कौतुकानं सांगतो आणि पुढं जातो. जरा थांबून बायकांच्या हिशेबानं बघू. एका बैलाला दिवसाला किती कडबा लागतो, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. चारशे बैलांचा रोजचा कडबा, पाणी, शेण आवरणं, माणसांच्या भाकरी, हे ज्या गावाजवळ मुक्काम पडला त्या गावाच्या वाट्याला आलं असणार. तोफेचं नाव राहिलं, भाकरीची नोंद राहिली नाही. इतिहास असाच लिहिला जातो, म्हणून तो पुन्हा वाचावा लागतो.

याच रितीचा एक जिवंत नमुना आपण दर आषाढात बघतो. पैठणहून निघालेली संत एकनाथ महाराजांची पालखी खर्डा, अनाळा करत परंड्याला मुक्कामाला येते आणि पुढं पंढरीला जाते. दिंडीबरोबर बैल असतात, घोडा असतो. त्या दिवशी कुणाच्या ढाळजेत, कुणाच्या अंगणात, कुणाच्या गोठ्यात माणसं टेकतात. बैलांना वैरण टाकली जाते. घरातली बाई पहाटेपासून पिठलं-भाकरीला लागलेली असते. कुणी पैसे मागत नाही आणि मागूही नयेत. ते पुण्याचं काम आहे. पण इतकं ध्यानात ठेवू, की पाहुण्याला जागा, जेवण, पाणी आणि त्याच्या जनावराला दावण देण्याचं कसब आपल्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. शहरात त्याचे वर्ग चालतात, परीक्षा असतात. आपल्याकडं ते आजीकडून नातीकडं येतं.

मग हे मोडलं कधी? चाकांनी मोडलं. १८९७ साली बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली, कुर्डुवाडीजवळून बार्शीपर्यंत. पुढं १९०६ ला ती पंढरपूरला आणि १९११ ला लातूरला पोचली. बार्शीची कापसाची पेठ रेल्वेनं जोडली गेली आणि लांबच्या वाटेवरचे बैल कमी होत गेले. लमाणांचा धंदा देशभर असाच बसला. त्यांच्यातल्या कित्येकांवर इंग्रज सरकारनं १८७१ च्या कायद्याखाली गुन्हेगार असा शिक्का मारला. ज्यांनी शतकानुशतकं देशाचं मीठ आणि धान्य वाहिलं, त्यांच्या वाट्याला हे आलं.

नंतर मोटारी आल्या. परंडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि १९३२ पासून निजामाची सरकारी मोटार धावू लागली होती. पलीकडं महाराष्ट्रात १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. प्रवासाला निघालेला माणूस आता एकटा निघू लागला. त्याला वैरण नको, दावण नको, फक्त खोली हवी. धर्मशाळेच्या जागी लॉज आलं. लॉजमध्ये जनावर चालत नाही आणि जनावर सांभाळणारी बाईही लागत नाही. मुक्काम गावातून उठला आणि बाजारात गेला.

आता विलायतेकडं एक नजर टाकू, कारण गोठ्याच्या सुट्टीची ही कल्पना तिकडून आली आहे. इंग्लंडमध्ये शेतावर दगडाची मोठी कोठारं असत. त्यात धान्य झोडपायचं, गवत साठवायचं, गुरं बांधायची. ट्रॅक्टर आणि मोठी यंत्रं आली तशी जुनी कोठारं लहान पडली, रिकामी राहिली. त्यांना खिडक्या पाडून, न्हाणीघर करून सुट्टीची घरं बनवली गेली. समुद्रकाठच्या जुन्या गावांत अशी घरं पुष्कळ आहेत. शहरातल्या माणसाचं कुत्रं तोवर राखणीचं राहिलं नव्हतं, घरातलं लेकरू झालं होतं. ते मागं ठेवून सुट्टीला जाववत नाही, म्हणून त्याचीही सोय आली. कोठारातून शेतीची गुरं गेली आणि शहरातलं कुत्रं आलं, असा हा प्रवास आहे.

यात धोका कुठं आहे, हे इटली देशानं ओळखलं. तिथं १९८५ साली शेतावरच्या मुक्कामासाठी वेगळा कायदा झाला. त्याचं मुख्य सूत्र असं, की पाहुणचार हा शेतीला जोड असावा, शेती हीच मुख्य राहिली पाहिजे. नावाला एक गाय बांधून हॉटेल चालवायचं, तर त्याला शेतीचा मुक्काम म्हणता येणार नाही. हे सूत्र आपणही गाठीला बांधण्यासारखं आहे.

आपल्या महाराष्ट्रात समुद्रकाठी याचं एक चांगलं उदाहरण आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातलं वेळास. हे नाना फडणवीसांचं गाव. नाना म्हटलं की आपल्याला खर्डा आठवतो. १७९५ साली निजाम आणि मराठे यांच्यात खर्ड्याची मोठी लढाई झाली, तेव्हा पेशवाईचा कारभार नानांच्या हाती होता. आपल्या उंबऱ्याशी झालेल्या लढाईचा कारभारी ज्या गावचा, ते हे समुद्रकाठचं वेळास. जवळ बाणकोटचा किल्ला, सावित्री नदीचं मुख, नारळी-पोफळीच्या बागा.

वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. मादी वाळू लोटून अंडी झाकते आणि समुद्रात परत जाते, पिल्लांची वाट बघत थांबत नाही. पूर्वी ही अंडी माणसं काढून न्यायची, कोल्ही-कुत्री उकरून खायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेनं गावकऱ्यांना आणि वनखात्याला सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. अंडी कुंपणात सुरक्षित ठेवायची आणि पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पिल्लं समुद्राकडं जाताना बघायला शहरातून माणसं येऊ लागली.

आता मुद्द्याची गोष्ट. ती माणसं राहिली कुठं? गावातल्या घरांतच. घरातली एक खोली झाडून-सारवून दिली, अंगणात पंगत मांडली, आमटी-भात, मोदक, सोलकढी वाढली. ऐषआराम काही नाही. पण पैसा गावातल्या घरांत आला आणि जी बाई आधी फुकट रांधत होती, तिच्या रांधण्याला दर मिळाला. कासव वाचलं तर पाहुणा येतो, पाहुणा आला तर चूल चालते, हे गावाला उमगलं. कालपर्यंत ज्या अंड्यांचं आम्लेट व्हायचं, त्यांची आज राखण होते.

आणि इथंच ‘कुत्र्याला सोबत आणा’ या पाटीची दुसरी बाजू दिसते. जिथं कासवाची अंडी आहेत, त्या वाळूत मोकळं कुत्रं म्हणजे संकट. पाहुण्याचं जनावर आलं म्हणून जागेच्या जनावराचा जीव जाता कामा नये. जुन्या मुक्कामातही हा नियम होताच. पाहुण्याचे बैल आपल्या दावणीला बांधायचे, पण उभ्या पिकात सोडायचे नाहीत.

मैत्रिणींनो, आता जे बोलायचं आहे ते जरा जड आहे. जनावरांसोबत मुक्काम करणाऱ्या बायका आपल्या तालुक्यात आजही आहेत, फक्त त्यांची जाहिरात निघत नाही. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जोडपी निघतात. कारखान्याच्या तळावर पाचटाची आणि ताडपत्रीची कोपी, कोपीला लागून बैल. रात्री बाई लेकराला घेऊन झोपते ती बैलांच्या घंटांच्या आवाजात. पहाटे अंधारात उठून भाकरी करायची, बैलांना वाढं टाकायचं, फडात मोळ्या वाहायच्या. नवरा-बायको दोघं मिळून ‘एक कोयता’ धरतात आणि उचल नवऱ्याच्या हातात पडते. दोन माणसांचं काम आणि नाव एकाचं.

तशीच चारा छावणी. २०१२-१३ चा दुष्काळ आठवा, २०१८-१९ चा आठवा. गावात पाणी नाही, वैरण नाही, म्हणून दावणीची जनावरं छावणीत नेली आणि घरातलं माणूसही तिथंच राहिलं. कित्येक घरांतून ते माणूस म्हणजे बाईच होती. ताडपत्रीखाली महिने काढले, शेण काढलं, टँकरच्या रांगेत उभं राहिलं. गाय वाचली, म्हैस वाचली, घर पुन्हा उभं राहिलं. त्या मुक्कामाला कुणी मोल लावलं नाही.

हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. एका गोठ्यात राहायला माणूस हजारो रुपये मोजतो, दुसऱ्या गोठ्यात राहायची वेळ माणसावर येते. फरक गोठ्याचा नाही. फरक असा, की पहिला आपल्या मर्जीनं आला आहे आणि मर्जीनं परत जाणार आहे. आपल्या बाईला ही मर्जी मिळेल कशी, तिला कोपीत जायची गरजच पडू नये इतकं उत्पन्न गावात उभं राहील कसं, खरा प्रश्न हा आहे.

यासाठी दोन सरकारी धोरणं माहीत असू द्या. २०२० साली महाराष्ट्र शासनानं कृषी पर्यटन धोरण आणलं. किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्यालाही त्यात पर्यटन केंद्र म्हणून नोंदणी करता येते. २०२३ साली ‘आई’ हे महिलांसाठीचं पर्यटन धोरण आलं. बाईच्या मालकीचा पर्यटन व्यवसाय असेल, तर १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा त्यात मिळतो. अटी बदलत असतात, म्हणून पर्यटन संचालनालयाकडं नीट विचारूनच कागद करा.

परंड्यात दाखवायला काय आहे, असं कुणी विचारलं तर खाली बघू नका. किल्ला आहे, त्याचे बुरूज, त्याच्या तोफा आहेत. सोनारीचा भैरवनाथ आहे आणि तिथली माणसाळलेली वानरं आहेत. डोमगावला समर्थांचे शिष्य कल्याण स्वामींचा मठ आहे. परंड्यात हंसराज स्वामींचं स्थान आहे. आपली उस्मानाबादी शेळी देशभर नावाजलेली आहे, आणि ती राखते कोण, तर बाई. ज्वारीचा हुरडा आहे, शेंगाची चटणी आहे. समुद्र नाही, पण थंडीच्या दिवसांत हुरड्याला येणारा पाहुणा समुद्र शोधत येत नाही.

कुणी गटानं हे करायचं मनावर घेतलंच, तर आम्हाला चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, नोंदणी आणि बँकेचं खातं बाईच्या किंवा गटाच्या नावावर असावं. कोयत्यासारखं व्हायला नको.

दुसरी, श्रमाचा हिशेब लिहा. नुसता किराणा आणि वीज धरू नका. भाकरी थापण्याचे तास, खोली झाडण्याचे तास, पाणी भरण्याचे तास वहीत आले पाहिजेत. घरचंच काम आहे म्हणून सोडलं, तर शेरशाहच्या सरायीतल्या बाईसारखं आपलंही नाव उरणार नाही.

तिसरी, पाहुण्याचं कुत्रं येणार असेल तर रेबीजच्या लसीचा कागद आधी बघा. त्याला साखळी असावी. शेळ्या-करडं, कोंबड्या वेगळ्या बंदिस्त जागेत असाव्यात. कुत्र्याच्या अंगावर गोचीड असेल तर ते गोठ्यात नेऊ नका. आपल्या शेळीचा जीव हे आपलं भांडवल आहे, पाहुण्याच्या हौसेपायी ते धोक्यात घालायचं नाही.

चौथी आणि सगळ्यात मोठी. जमीन विकून गोठ्याचं हॉटेल उभं करू देऊ नका. बाहेरचा माणूस जागा घेतो, भिंती रंगवतो आणि आपल्यालाच तिथं भांडी घासायला ठेवतो. जमीन आपली, शेती चालू आणि पाहुणचार ही तिची जोड, एवढं टिकलं तर मालकी आपली राहील. हातात पैसा आणि मागं कर्ज कमी असेल, तर सुरुवातही छोटी करा. एक खोली, एक न्हाणीघर, स्वच्छ संडास आणि पोटभर जेवण. गादी पुढच्या वर्षी घेता येईल.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एक काम करा. गटातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा, तुमच्या लहानपणी घरी मुक्कामाला कोण कोण यायचं, त्यांची जनावरं कुठं बांधायची, काय रांधायचं, किती माणसांचं रांधायचं. ती सांगेल ते वहीत उतरवून घ्या, तिच्या नावासकट. तालुक्याच्या इतिहासाचं हे पान अजून कोरं आहे. ते आपणच भरायचं आहे.